कूलरखालचा

मृग लागला, दोन सरी पडल्या, की आमच्याकडे कूलर निघतो. त्याला मुहूर्त लागत नाही. पहिल्या पावसानंतर जी दमट, चिकट हवा सुटते तिच्यात कूलर नुसता ओला वारा तोंडावर मारत बसतो आणि अंगाला अंग चिकटतं, तेव्हा घरातलं कोणीतरी वैतागून म्हणतं, "काढा बाप्पा तो डब्बा आता." मागच्या जूनमध्ये ते कोणीतरी मी होते. रविवार होता. पंप काढला, वायर गुंडाळली, टाकी तिरपी करून पाणी अंगणात सोडलं. तळाशी दोन बोटं गाळ, त्यात ताट्यांमधून गळलेल्या वाळ्याच्या काड्या, एक मेलेलं झुरळ आणि मी एप्रिलपासून शोधत असलेली कानातल्याची फिरकी. वाळ्याचा वास तोवर जुना, आंबूस झालेला असतो. मार्चमध्ये नवीन ताट्या बसवल्या की ज्या वासाने उन्हाळा आवडायला लागतो, तोच वास जूनमध्ये नको नको होतो. मग लोखंडी स्टँड ओढला. तर भिंत आणि स्टँडचा पाय यांच्या बेचक्यात, शेवाळाच्या हिरव्या पट्ट्यावर, तो बसलेला. मातकट, मूठभर, चिखलातून आत्ताच उपटलेल्या बटाट्यासारखा. तो हलला नाही. मीही हलले नाही. मला बेडकांची भीती वाटत नाही, किळस वाटते, आणि मला वाटतं किळस जास्त वाईट, कारण भ्यालेला माणूस निदान मागे सरकतो. मी पुढे सरकून कोपऱ्यातला खराटा घेतला.

धड उडीसुद्धा मारली नाही त्याने. दोनदा अर्धवट टुण्टुण् केलं, मग चालतच निघाला, एखाद्या जाड्या कारकुनाला खुर्चीवरून उठवल्यासारखा. तुळशीच्या कुंडीपाशी थांबला, मी खराटा टेकवला. फाटकाच्या फटीपाशी थांबला, मी परत टेकवला. तो बाहेरच्या सिमेंटच्या रोडवर गेला आणि मी फाटक लावून घेतलं. वळले तर व्हरांड्यात बाबा बशीतून चहा पीत बसलेले.

"हाकलला का?"

"काय?"

"बेंडूक."

"हो. कूलरखाली बसला होता."

बाबांनी बशीतला उरलेला चहा संपवला, बशी कपाखाली ठेवली. "तीन उन्हाळ्यापासून राहून राहिला होता तो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पोस्टात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या आवाजात एक नोंद असते, फक्त नोंद, तशी ती होती. मग उठता उठता म्हणाले, "त्याच्यासाठीच तर कॉक टपकू देत होतो."

त्या कॉकवरून आमच्या घरात तीन वर्षं भांडण चाललं होतं. टाकीच्या खालचा, पाणी सोडायचा तो कॉक, थेंब थेंब गळायचा. मी म्हणायची, भिंत ओल धरून राहिली, मिस्त्रीला बोलावू. बाबा म्हणायचे, बोलावू. मिस्त्री यायचा नाही. आता कळलं की मिस्त्रीला कधी फोनच गेला नव्हता. एका मेमध्ये मी स्वतः दोरा आणि एमसील लावून गळती बंद केली, आठ दिवसांत ती पुन्हा सुरू झाली आणि मी एमसीलच्या कंपनीला शिव्या दिल्या. ब्याऐंशी वर्षांचा माणूस रात्री दोनला उठून स्क्रू ड्रायव्हरने एमसील खरवडतो, हे कोणाच्या डोक्यात येणार? बाबांना रात्री झोप नसते. कानाचं मशीन काढून ठेवलेलं, त्यामुळे आवाजही नसतो. मग ते टॉर्च घेऊन अंगणात फिरतात. नवतपात, जेव्हा रात्री बारालासुद्धा भिंती तव्यासारख्या तापलेल्या असतात, तेव्हा कूलरखालची ती हातभर ओल ही अख्ख्या गल्लीतली एकमेव ओली जागा असते. बेडकाला प्यायला तोंड लागत नाही. ओल्या जागेवर बूड टेकवून बसला की पोटाखालच्या, मांड्यांच्या बेचक्यातल्या कातडीतून पाणी आपोआप आत जातं. हे मला पुस्तकातून कळलं. बाबांना ते नुसतं दिसलं होतं. "तो त्या ओलीवर पसरून बसते," ते म्हणाले, "गादीवर बसल्यासारखा. आन् मग हळूहळू फुगते."

मी त्याच्यावर एवढी अस्वस्थ व्हायला नको होते. बेडूकच तर होता. पण त्या दिवशी रात्री कणिक मळताना मला आंबोली आठवली आणि हात थांबला.

त्याच्या दोन वर्षं आधी मी आंबोलीला गेले होते. नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर, म्हणजे अख्खा दिवस, अख्खी रात्र आणि वर दुपार. तिथून आजऱ्यावरून एसटी. पुण्याचा भाचा कोल्हापूरला येऊन मिळाला. त्याला जंगलाचं वेड आहे आणि मला, नवरा गेल्यानंतर, कोणी कुठे चल म्हटलं की चालायला लागायचं वेड लागलं होतं. आमच्या नागपुरात वर्षाकाठी अकराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यात आम्ही समाधानी असतो. आंबोलीला सात हजारांच्या घरात. तिथे पाऊस पडतो असं म्हणणंच चूक, तिथे पाऊस राहतो. कपाटात, गादीत, काडेपेटीत, भाकरीत. आणि हे सगळं कशासाठी, तर एक टोड बघायला. बेडूक नव्हे, टोड. भाच्याने गाडीतच बजावलं होतं. बेडूक गुळगुळीत, लांब तंगड्यांचा, उडी मारणारा. टोड म्हणजे खरखरीत कातडीचा, आखूड पायांचा, चालणारा. पुस्तकी मराठीत भेक म्हणतात. भेक म्हटल्यावर मला भेकड आठवलं आणि मी हसले, तर तो म्हणाला, "मावशी, सीरियस हो जरा."

रात्री नऊला हेडटॉर्च लावून आम्ही सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, काळपट तांबडं, पावसात भिजून जुन्या लोखंडी तव्यासारखं चमकणारं, आणि त्याच्यावर जागोजाग हातभर लांबीची, चार बोटं खोलीची डबकी. वाट दाखवणारा मुलगा तिथलाच होता. तो पुढे चालता चालता एकदम हात आडवा करून म्हणाला, "पाय उचलू नकात." मी एका पायावर उभी. माझ्या उचललेल्या बुटाच्या खाली, म्हणजे बुटाने त्याच्यावर सावली धरली होती इतक्या जवळ, तो होता. अंगठ्याएवढा. मी बघता बघता गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर, मग भाच्याने रेनकोट अंथरला त्याच्यावर चक्क पालथी झोपले. पंचावन्न वर्षांची बाई, भर पावसात, नाक जमिनीला लावून. पाठीवर थेंबांचा ताशा वाजत होता आणि माझ्या समोर, टॉर्चच्या गोल उजेडात, तो पिवळा होता. हळदीचा नव्हे, झेंडूचाही नव्हे. लिंबू पिकायच्या आधी एक दिवस जसा पिवळा असतो तसा. तपकिरी अंगावर, कुशीवर, ते पिवळे पट्टे तुटक तुटक ओढलेले, जणू ब्रश पाण्यात बुडवून घाईत फटकारले. पाठीवर बारीक बारीक उंचवटे. डोळा मात्र शांत.

त्याचं नाव झँथोफ्राइन टायग्रिना. 2009 मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेवलं. पहिल्या शब्दात ग्रीक पिवळा आणि ग्रीक भेक आहे, दुसऱ्यात वाघ. त्याचा एक भाऊ कोयनेला असतो, त्याची नोंद 1963 सालचीच आहे. त्याच्या कुशीवर पट्टे नसतात, पिवळे ठिपके असतात. म्हणजे वाघ आंबोलीचा, बिबट्या कोयनेचा, असं मी म्हटलं तर भाच्याला ते बऱ्यापैकी आवडलं. आम्ही नागपूरकर वाघाच्या बाबतीत जरा टेसात असतो. पेंच एका बाजूला, उमरेड-कऱ्हांडला दुसऱ्या, ताडोबा तर काय आपलंच. विमानतळावर उतरलेल्या पाहुण्याला आम्ही संत्र्याच्या आधी वाघ दाखवतो. पण मी जिप्सीत बसून पाहिलेले वाघ मला आता नीट आठवत नाहीत, सगळे एकमेकांत मिसळले. हा अंगठ्याएवढा वाघ मात्र पट्ट्यासकट आठवतो. तो जगात फक्त तिथे आंबोलीच्या आसपास, तेवढ्याशा सड्यावर आणि कडेच्या जंगलात. जगाच्या यादीत त्याच्यावर 'अत्यंत संकटग्रस्त' असा शिक्का. पहिल्या पावसात काहीच दिवस त्यांचं लग्न चालतं, त्या उथळ डबक्यांत तीसेक अंडी, आणि डबकं आटायच्या आत पिल्लांनी पाय फोडून बाहेर पडायचं. भाच्याने त्या रात्री अकरा टोडांचे फोटो काढले आणि खोलीवर आल्यावर लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावून दाखवले. एकाचेही पट्टे दुसऱ्यासारखे नाहीत. "हा परवाचा," तो एकावर बोट ठेवून म्हणाला, "हा तोच." मला त्याचा हेवा वाटला. अकरांतला एक ओळखता येणं, किती मोठी गोष्ट.

आणि हजारेक किलोमीटरवर माझ्या घरात एक माणूस त्याच वेळी टॉर्च घेऊन कूलरखाली बघत होता, ते मला माहीत नव्हतं.

हाकलला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला सांगितलं की ते त्याला ओळखायचे कसे. मी विचारलं नव्हतं. पोहे खाता खाता म्हणाले, "त्याच्या पुढच्या हाताला चारच बोटं होते. एक कुठंतरी तुटलं असंल, लहानपणी. पहिल्या उन्हाळ्यात टॉर्च मारला तवाच पाहिलं होतं मी. दुसऱ्या वर्षी बोटं मोजले, बरोबर चार. म्हटलं, आला परत." मला गिळता येईना. मी पोह्यांची ताटली सिंकमध्ये ठेवली आणि दूध आणायच्या निमित्ताने बाहेर पडले. आमच्या गल्लीत आता सिमेंटचा रोड झाला आहे, अंगणांपेक्षा वीतभर उंच, काठाला फट नाही, माती नाही, कुठे शिरायचं म्हटलं तर जागा नाही. पूर्वी डांबराच्या कडेला मऊ माती असायची, तिच्यात पाय मागे ढकलत ढकलत बेडूक उलटा रुतून दिसेनासा व्हायचा. आता रस्ता पार करायचा तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघड्यावर चालायचं. आणि टोड तर चालणारा.

तो कोपऱ्यावरच्या खांबापाशी होता. म्हणजे कोणीतरी होता. रात्री कोणत्या तरी चाकाखाली आलेला, सपाट, चामड्याच्या तुकड्यासारखा, कडेने मुंग्या लागलेल्या. मी इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या काकू सडा टाकत होत्या (आमच्याकडे सडा म्हणजे शेणाचा, आता नुसता पाण्याचा). मी दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वाकले. आंबोलीत वाकले होते तशीच. पुढचा एक पाय अंगाखाली दबलेला होता. दुसरा बाहेर पसरलेला, पंजा उघडा, माणसाच्या लहान मुलाचा असतो तसा. मी मोजली.

चार.

घरी येऊन मी काही बोलले नाही. दूध तापवलं. बाबा पेपर वाचत होते. मी त्या दिवशी बँकेत गेले, सिताबर्डीच्या गर्दीत स्कूटी घातली, दिवसभर लोकांचे केवायसीचे कागद तपासले, आधारवरचा फोटो आणि समोरचा चेहरा, जुळतो का, जुळतो. आणि दर चेहऱ्यामागे मला तो उघडा पंजा दिसत होता. मला स्वतःचा राग येत होता आणि त्या रागाचाही राग येत होता. लहानपणी मामीकडे पहिल्या पावसात पायरीवर बेडूक आला की मामी वाटीतलं मीठ फेकायची आणि आम्ही सगळी पोट्टी टाळ्या पिटायचो. ओल्या कातडीवर मीठ पडलं की काय होतं ते आम्ही पाहिलेलं आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा काही वाटलं नाही. मामी फार प्रेमळ बाई होती, हेही खरं. कातडीवर हात लागला की चामखीळ येतो, असं ती सांगायची. चामखीळ माणसाकडूनच माणसाला येतो, बेडकाकडून नाही, पण त्याच्या अंगावरच ती गोळ्यागोळ्यांची खरखरीत रांग असल्यावर कोण कोणाला समजावणार? त्याचं दिसणंच त्याच्याविरुद्ध साक्ष देतं.

संध्याकाळी मी बाबांना वेगळंच विचारलं. तुम्ही कधीपासून बेडकांच्या मागे लागला? त्यांनी मशीनचा आवाज वाढवला. मग जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. काटोलकडच्या त्यांच्या गावात एका वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. वावरातल्या काळ्या मातीला भेगा पडल्या, इतक्या की पोट्ट्यांचा पाय जायचा. मग गावाने धोंडी काढली. धोंडी व्हायला एक पोरगा लागतो, उघडा, कमरेला कडुनिंबाचा पाला. त्या वर्षी तो पोरगा म्हणजे बाबा, वय नऊ. खांद्यावर मुसळ, मुसळाला निंबाच्या पाल्यात बांधलेला बेडूक, उलटा टांगलेला. दारोदार जायचं, धोंडी धोंडी पाणी दे म्हणून ओरडायचं, घरच्या बाईने तांब्याभर पाणी मुसळावर आणि पोराच्या डोक्यावर ओतायचं, सुपात जोंधळे घालायचे. "बेंडूक वावरातला, भेगेतून काढलेला," बाबा म्हणाले. "पह्यले वाळल्या चामड्यासारखा होता. पण घरोघरी पाणी पडत गेलं आन् तो फुगत गेला. शेवटच्या घरी तर टम्म. मले मानेवर त्याचं वजन लागे. आन् मग सोडलं त्यानं सगळं पाणी, माझ्या पाठीवर." ते हसले. मग हसणं थांबलं. "गावात पाण्याचा थेंब नाही, आन् त्या पाण्यानं मी गार झालो."

बेडूक हातात धरला की साठवलेलं पाणी सोडून देतो, हे खरं आहे. तेवढंच त्याच्याकडे असतं, तेही तो टाकतो. पाऊस आला का, मी विचारलं. "आठ दिवसांनी." आणि बेडकाचं काय झालं? बाबांनी थोडा वेळ घेतला. "ते मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "जेवायला बसवलं होतं आम्हाले."

शुक्रवारी भाच्याला फोन केला. त्याला सगळं सांगितलं, कॉक, एमसील, खराटा, खांबापाशी मोजलेली बोटं. तो मध्ये बोलला नाही, हे त्याचं चांगलं. मग म्हणाला, "मावशी, सगळ्यांनाच चार असतात."

"काय?"

"पुढच्या पायाला. बेडूक असो, टोड असो, पुढे चार, मागे पाच. तुटलेलं वगैरे काही नाही. आजोबा तीन वर्षं कोणताही टोड मोजत असतील."

मला हसू फुटलं आणि ते थांबेना. खांबापाशीचा तो असेल किंवा नसेल. तीन उन्हाळे एकच येत होता, किंवा तीन आले, किंवा दर रात्री वेगळा. बाबा टॉर्च मारायचे, मोजायचे, बरोबर चार, आला परत. गल्लीतल्या, शहरातल्या, काटोलच्या वावरातल्या, आंबोलीच्या सड्यावरच्या, प्रत्येकाने तो चार बोटांचा ओळखपत्राचा हात पुढे केला असता आणि बाबांनी प्रत्येकाला आत घेतलं असतं. मी केवायसीचं काम करते. एवढी ढिसाळ तपासणी मी जन्मात पाहिली नाही. भाचा म्हणाला, आजोबांना सांगू का मी? मी म्हटलं, सांगून तर बघ.

त्यानंतर मी तो घरचा टोड वाचून काढला, म्हणजे त्याच्याविषयी जे मिळेल ते. त्याचं नाव डट्टाफ्रायनस मेलानोस्टिक्टस. पुढचं नाव सुशील कुमार दत्ता या आपल्याच बेडूकतज्ज्ञांच्या सन्मानार्थ, 2006 मधलं. मागचं 1799 पासूनचं, अर्थ काळ्या ठिपक्यांचा. म्हणजे आंबोलीच्या वाघाच्या दोनशे वर्षं आधी याचं बारसं झालं. इतका जुना, इतका सगळीकडे, की बघायचं राहूनच गेलं. मग जुलैमध्ये समोरच्या खाली प्लॉटमध्ये पाणी साचलं आणि रात्री ते सगळे तिथे जमले. एकसुरी, लांबलचक, कुर्रर्रर्र, जणू कोणी लाकडी फणीच्या दातांवरून नख फिरवत बसलंय. मी टॉर्च घेऊन गेले. या वेळी पालथी झोपले नाही, प्लॉटमध्ये काच असते, उकिडवी बसले. तर डोक्यावर, डोळ्यांच्या वरून नाकाकडे उतरत गेलेली, उभारलेली एक काळी रेघ, दोन्ही बाजूंना. बारशाच्या दिवशी आजी बाळाच्या भुवयांवर काजळ फिरवते, तशी. अंगावरच्या गोळ्यांची टोकंसुद्धा काळी, म्हणून ते ठिपके. डोळ्यामागे दोन लांबट उशा, त्यात विष; कुत्र्याने तोंडात धरला तर फेस येऊन थुंकतो. पाण्यात त्यांनी अंडी घातली होती, लांब लांब पारदर्शक दोऱ्यात काळे मणी ओवल्यासारखी, गवताच्या काड्यांना गुंडाळलेली. मंगळसूत्र, असं मनात आलं आणि मी ते लगेच झटकलं. विधवा बाईने खाली प्लॉटमध्ये रात्री दहाला काय काय बघावं याला मर्यादा आहे.

तो सुंदर दिसला का? नाही. लिहिताना दिसतो असं लिहायचा फार मोह होतो, पण नाही दिसला. आंबोलीच्या पिवळ्याने जे पोटात झालं होतं ते झालं नाही. एक माझ्या चपलेवर चढला तेव्हा मी किंचाळले आणि पाय झटकला. पण आंबोलीच्या त्या पिवळ्यातलं नेमकं किती पिवळं त्याचं होतं आणि किती त्या शिक्क्याचं, सव्वीस तासांच्या गाडीचं, भाच्याच्या 'सीरियस हो'चं, हे मला आता सांगता येत नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक सूक्त आहे. वर्षभर मौन धरून बसलेले हे व्रतस्थ पावसात बोलायला लागतात, असं त्या कवीने म्हटलंय. त्यातच पुढे तो सांगतो की यातला एक गाईसारखा हंबरतो, एक बोकडासारखा ओरडतो, एक ठिपक्यांचा आहे, एक हिरवा. नाव सगळ्यांचं एकच, रूपं वेगवेगळी. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी चिखलाच्या काठी उकिडवं बसून एवढं बघत होतं. बहुतेक त्यानेही बोटं मोजली असतील.

यंदा मार्चमध्ये कूलर बसवायला मिस्त्री आला. या वेळी फोन मी केला होता. त्याने मला न विचारताच जुना कॉक काढून नवा पितळी टाकला, शंभर रुपये जास्त घेतले, आणि जाताना म्हणाला, "आता एक थेंब नाही गळणार, मॅडम." बाबा व्हरांड्यातून बघत होते. एप्रिल गेला. एक थेंब गळला नाही. शेवाळाचा पट्टा वाळून पापडासारखा भिंतीवरून सुटला. मी बाबांना काही म्हटलं नाही, त्यांनी मला काही म्हटलं नाही. मी मातीची एक परात पाणी भरून कूलरखाली सरकवली, तिच्यात दिवसभर चिमण्यांनी अंघोळ केली आणि दुपारपर्यंत ती कोरडी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी झाडायला गेले तर स्टँडखाली ओल. थेंब. थांबून, थेंब. नवा पितळी कॉक अर्धा आटा उलटा फिरवलेला होता आणि त्याच्या चकाकीवर पान्याचे ओरखडे. पाना कुठून आणला असेल, देव जाणे. मी ओल झाडली नाही. तिच्या कडेकडेने झाडलं.

नवतपा सुरू झाला. बहिणीचा पुण्याहून फोन आला, भाचाही बोलला. त्याला आमच्या बोलण्याची गंमत वाटते. आम्ही 'तो येईल' म्हणत नाही, 'तो येईन' म्हणतो. लहानपणी सुट्टीत आला की तो आजोबांना विचारायचा, कोण येईन? तुम्ही, का तो? आणि आजोबा म्हणायचे, अबे, जो यायचा तो.

काल रात्री अडीचला जाग आली. दार उघडं होतं. बाबा अंगणात, बनियनवर, एका हाताने भिंतीला धरून वाकलेले, दुसऱ्या हातात टॉर्च. उजेड कूलरखाली. मी जाऊन शेजारी उभी राहिले. ओल चांगली पसरली होती, नागपूरच्या नकाशाएवढी, आणि तिच्यावर एक मुंगळा होता, बाकी कोणी नाही. बाबांना मशीनशिवाय ऐकू येत नाही म्हणून मी त्यांच्या तोंडासमोर हात हलवून विचारलं, आहे का? त्यांनी मान हलवली. टॉर्च बंद केला, कमरेत एकदा कळ आली ती जिरू दिली, सरळ झाले.

"येईन," ते म्हणाले.